मार्वेलाचा हात, फेब्रुवारीतला

मी, ऑगस्टा मे रेन्फ्रो, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा मुलांच्या पुस्तकांतली चित्रे काढणे आणि अधूनमधून त्यांतला मजकूरही लिहिणे, राहणार ग्लेनव्हिल, क्लीव्हलँड, राज्य ओहायो, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझा भाचा क्लिफ्टन याने मागच्या थँक्सगिव्हिंगला, मॅकरोनीचे दुसरे ताट वाढून घेताना, दडपण आणून पाहिले. ते वाया गेले. यापूर्वी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः हृदयाच्या ऑपरेशनच्या आधी घाबरून केलेले, ज्यात मी सगळ्यांना माफ केले होते.

वकीलबाई म्हणाल्या, दोन पानांत बसवा. मी जन्मभर बत्तीस पानांत बसवत आले आहे. मुलांचे चित्रांचे पुस्तक बत्तीस पानांचेच असते, मग त्यात हत्ती मावो न मावो. आता मरताना तरी मला हवी तेवढी पाने घेऊ द्यावीत.

हे लिहायला बसण्याचे खरे कारण एकच आहे. ते आधीच सांगून टाकते. माझे पहिले पुस्तक ‘मार्वीचा बूट’ याला यंदा पन्नास वर्षे झाली आणि न्यूयॉर्कचे प्रकाशक ते नव्याने काढायचे म्हणतात. त्यातल्या पोरीचा रंग त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी चुकवला, आणि आता पुन्हा चुकवायला निघाले आहेत. मी जिवंत आहे तोवर करारावर सही करणार नाही. मी गेल्यावर ती कोण करणार आणि कोणत्या अटीवर, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम पहिले, घर. ईस्ट एकशेपाचव्या रस्त्याजवळचे माझे विटांचे घर, पुढच्या व्हरांड्यासह आणि व्हरांड्यातल्या कुरकुरणाऱ्या लोखंडी बाकासह, माझा भाचा क्लिफ्टन रेन्फ्रो याला मिळावे. माझ्या वडिलांनी ते पोलादाच्या भट्टीसमोर राबून घेतले आणि क्लिफ्टन हा त्यांचा एकुलता नातू. तो ते विकणार हे मला ठाऊक आहे. मागच्या वेळी त्याने फीत लावून भिंती मोजल्या, तेव्हा मी डुलकी घेते आहे असे त्याला वाटले. विकू दे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, पण बीळ त्याच्या आजोबाचे आहे, त्यामुळे माझी तक्रार चालायची नाही. मात्र माडीवरच्या माझ्या कामाच्या खोलीतल्या एकाही कागदावर, ब्रशवर किंवा बाटलीवर त्याचा हक्क नाही. का नाही, ते त्याला माहीत आहे, पण इतरांसाठी लिहिते.

“आत्या, सही करून टाक,” तो थँक्सगिव्हिंगला म्हणाला. “आधी पुस्तक, मग पायजमे, मग बाहुली. अगं, तू म्हणजे ब्रँड आहेस, तुला कळत कसं नाही?”

“मी तुझी आत्या आहे. ताट उचल आणि सिंकमध्ये ठेव.”

“रंगाचं काय घेऊन बसलीस? उन्नीस-बीस असायचंच. कोण बघतंय?”

‘कोण बघतंय’ या दोन शब्दांनी त्याचा पुस्तकावरचा वारसा गेला. घर वाचले, कारण ते मी आधीच देऊ केले होते आणि माझी जीभ म्हणजे काही हवामानखाते नव्हे.

कलम दुसरे, बँकेतली शिल्लक. मुलांच्या पुस्तकांवर श्रीमंत होता येते असे जो कोणी म्हणेल त्याला ती दाखवावी. अंत्यविधीचा खर्च जाऊन उरेल ते आमच्या न्यू केनन बॅप्टिस्ट चर्चच्या शनिवारच्या वाचनवर्गाला द्यावे. अट अशी की या पैशातून आपल्यापैकी एखाद्या लेखकाला किंवा चित्रकाराला शाळांत न्यावे, मुलांना भेटवावे, मानधन द्यावे, नीट जेवू घालावे, आणि हे फेब्रुवारी सोडून कोणत्याही महिन्यात करावे.

फेब्रुवारी हा अमेरिकेत आम्हा काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना. त्या महिन्यात मी क्लीव्हलँडमधली सगळ्यांत लाडकी बाई असते. जानेवारीत ज्यांना माझे नाव उच्चारता येत नाही अशा उपनगरांतल्या मुख्याध्यापिका दारापर्यंत गाडी पाठवतात. मुलांसमोर उभी करून म्हणतात, “मिस रेन्फ्रो आता आपल्याला संघर्षाबद्दल सांगतील.” मी सांगते की माझे पुस्तक बर्फात बूट हरवलेल्या पोरीबद्दल आहे. मुले खूश होतात आणि बाई हिरमुसतात. मार्चची पहिली तारीख उजाडली की गरज सरो, वैद्य मरो. एप्रिलमध्ये त्याच शाळेच्या फाटकाशी उभी राहिले तर दरवान विचारतो, काय काम आहे म्हणून.

कलम तिसरे, ओपल बार्क्सडेल. ही बाई शेकर हाइट्सला राहते, चष्मे घातलेले ससे काढते आणि त्यावर तिचे उत्तम चालले आहे. सशांना रंगाची अडचण येत नाही. ती आमच्यातलीच, पण ताडासारखी उंच आणि रंगाने लोण्याच्या बिस्किटाजवळची. मी बुटकी आणि काळीभोर. तरीही ग्रंथपालांच्या प्रत्येक संमेलनात कुणीतरी गोरी बाई माझे दोन्ही हात धरून म्हणते, “तुमच्या सशांनी माझं बालपण घडवलं.” सुरुवातीला मी समजावून पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी. मग मी सरळ ओपलच्या नावाने सह्या द्यायला लागले. एकदा संमेलनाच्या नाश्त्याला ओपल माझ्यासमोर येऊन बसली.

“गस्टी, काल मी तुझ्या बुटाच्या पुस्तकावर सह्या ठोकल्या. ढीगभर. तुझी सही तुझ्यापेक्षा मला बरी जमते.”

“मी तुझ्या नावाखाली सशाचं तोंडही काढून देते. लोक खूश होतात.”

“पाहिलंय मी ते. कान केवढे काढतेस गं? गाढव वाटतं ते.”

आमचे खरे भांडण सशाच्या कानावरून नाही. तिचे म्हणणे असे की गोष्ट चांगली असली म्हणजे रंगाकडे कुणाचे लक्ष जात नाही. असे म्हणायला रंग लोण्याचा असावा लागतो. हे मी तिला भर सभेत सांगितले, त्यानंतर ती माझ्याशी दोन वर्षे बोलली नाही आणि सह्या मात्र करत राहिली. तिला मी या मृत्युपत्राची साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये हे बरे, असे वकीलबाई म्हणतात. म्हणजे ओपलला काहीही मिळणार नाही आणि त्याबद्दल तिला मला बोलही लावता येणार नाही. इतका सोयीचा कायदा मी दुसरा पाहिला नाही.

कलम चौथे, ‘मार्वीचा बूट’. हे कलम नीट वाचावे, दोनदा वाचले तरी चालेल.

माझे पहिले छापील काम हे पुस्तक नव्हते, पंखा होता. आमच्या चर्चमध्ये उन्हाळ्यात हाताने वारा घ्यायला पुठ्ठ्याचे पंखे असतात, लाकडी पट्टीला ठोकलेले. एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला पीझली अँड सन्स यांची जाहिरात. पीझली म्हणजे आमच्या भागातले मयताचे सगळे करणारे. प्रवचन लांबले तर माणसाचे पुढचे ठिकाण त्याच्या डोळ्यांसमोर राहावे, अशी ती योजना. मी एकोणीस वर्षांची असताना थोरल्या पीझलींनी मला पंख्यासाठी चर्चला निघालेले एक कुटुंब काढायला सांगितले. मी आमच्याच गल्लीतले काढले. त्यांनी चित्र खिडकीशी नेऊन पाहिले.

“झकास आहे पोरी. जरा उजळ कर.”

“का? ही तर आपलीच माणसं आहेत.”

“म्हणून तर सांगतो. आपल्या माणसांना आपण जरा उजळच आवडतो.”

थोरले पीझली माझ्याहून काळे होते. हे मी गोऱ्यांवर ढकलू शकत नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते. पंखे छापून आले तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीला कावीळ झाली होती. लोकांनी तोंड भरून कौतुक केले. आईने तर तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला.

पुढे काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, शेजारच्या टिब्ज कुटुंबातली मार्वेला बर्फाच्या चिखलात डावा बूट गमावून माझ्या व्हरांड्यात एका पायावर येऊन उभी राहिली. सहा वर्षांची पोर. रडायचे सोडून मला म्हणाली, “मिस गस्टी, तुमच्याकडे एक बूट आहे का? दोन नकोत.” त्यावरून पुस्तक सुचले. पोरीचा पिवळा बूट हरवतो आणि सगळी गल्ली तो शोधते, एवढीच गोष्ट. मी मार्वेलाला खिडकीशी बसवून, लिमलेटच्या गोळ्या चारून रंगवली. काळ्या रंगाची बाटली मी उघडलीही नाही. आपली माणसे काळ्या रंगाने रंगवली की कागदाला भोक पडल्यासारखी दिसतात. तपकिरी घ्यावा, त्यात किरमिजी, निळ्याचा एक थेंब, आणि गालावर, गुडघ्यावर जरासा सोनेरी पिवळा, तेव्हा कुठे ती मार्वेला होते.

संपादिका मिसेस व्हीलॉक, देव त्यांना त्यांच्या लायकीप्रमाणे जागा देवो, यांचा न्यूयॉर्कहून फोन आला.

“ऑगस्टा, चित्रं सुरेख झालीत. फक्त यात संघर्ष दिसत नाही हो.”

“बूट सापडत नाही. बाहेर बर्फ आहे.”

“मी जरा मोठ्या संघर्षाबद्दल बोलतेय.”

“तुम्ही एका बुटानं चालून बघा.”

त्या हसल्या. पुस्तक छापून आले तेव्हा कळले की हसण्यावारी काय काय गेले होते ते. मुखपृष्ठावर आणि आतल्या प्रत्येक पानावर दुधात बुडवून काढलेली कुणीतरी मुलगी. मी फोन केला. त्या म्हणाल्या, शाई असते, कागद असतो, छापखान्यात असे व्हायचेच. मी विचारले, “मग बूट कसा नाही फिका झाला?” बूट अगदी लिंबासारखा पिवळाधमक आला होता. मग हळूच, “काही गावांतल्या ग्रंथालयांचाही विचार करावा लागतो ना, ऑगस्टा.”

पहिली प्रत मी मार्वेलाला दिली. ती माझ्या पायरीवर बसली, एकेक पान उलटत शेवटापर्यंत गेली आणि तिने वर पाहिले.

“ही कोण?”

“अगं, ही तूच.”

“नाही. बूट माझा आहे. पण ही कोण?”

ती पुस्तक घेऊन घरी गेली. संध्याकाळी तिची आई हेस्टर तिला दंडाला धरून माझ्या दारात घेऊन आली. पोरीने तपकिरी खडूने पुस्तकातली प्रत्येक मार्वी रंगवून काढली होती. चेहरा, मान, हात, एक अनवाणी पाय, काही सोडले नव्हते. हेस्टरला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

“नवं कोरं पुस्तक, मिस गस्टी. हिला मी फटके देऊ का तुम्ही देताय?”

मी पुस्तक उजेडात धरले. खडू रेषेबाहेर गेला होता, पण रंग बरोबर होता. मी म्हटले, “फटके कसले गं. छापखान्याचं राहिलेलं काम केलंय तिनं.” त्या दोघी गेल्यावर मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडले. असे लिहायची मला लाज वाटत नाही.

आता नव्या आवृत्तीचे. नवी संपादिका केटलिन वयाने पोरसवदा आणि मनाने चांगली आहे. ती माझ्याशी आजाऱ्याशी बोलावे तशी बोलते. झालेल्या अन्यायाबद्दल तिने माफी मागितली. तो अन्याय झाला तेव्हा तिची आई फ्रॉकमध्ये होती. मग म्हणाली, “मिस रेन्फ्रो, या वेळी आम्ही फक्त मार्वीच्या रंगासाठी सात जणांची समिती नेमलीय.” समिती सात गावांतून संगणकाच्या सात पडद्यांसमोर बसली. म्हणजे मार्वी सात रंगांची झाली आणि प्रत्येकाने आपापल्या मार्वीला मान डोलावली. नमुन्याची पाने आली तेव्हा मी मार्वेलाला हाक मारली. ती आता छप्पन्न वर्षांची आहे, हायस्कुलात व्यायाम शिकवते, आणि तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायला सरावलेला आहे. तिने पान खिडकीशी धरले.

“अरे देवा. या पोरीला आंघोळीनंतर कुणी लोशन लावलं नाही का?”

मी चष्मा पुसून पाहिले. खरेच की. या वेळी त्यांनी पोर गडद केली होती, पण वर करडी झाक ठेवली होती, हिवाळ्यात कोरड्या कातडीवर येते तशी. आमच्याकडे कुठल्याही आईने असले लेकरू उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नसते. आधी कोको बटरची डबी, मग शाळा. सात जणांची समिती, त्यांत दोघे आपलेच, आणि पोरीचे गुडघे राखेने पांढरे पडलेत हे एकाच्याही तोंडून निघाले नाही. मागच्या वेळी पाव कच्चा काढला, या वेळी राखेत लोळवला. मी केटलिनला फोन करून सांगितले. तिने सगळे मनापासून लिहून घेतले आणि विचारले, “कोको बटरचा नेमका रंग कोणता म्हणायचा?”

सबब, येणेप्रमाणे. ‘मार्वीचा बूट’ या पुस्तकाचे सर्व हक्क, त्याची मूळ चित्रे, आणि करारावर सही करण्याचा किंवा न करण्याचा अधिकार मी मार्वेला टिब्ज हिला देते. पुस्तक नव्याने छापायचे तर ती छापखान्यात जातीने हजर असावी. यंत्रातून निघालेल्या पहिल्या कागदाशेजारी तिने आपला उजवा हात कोपरापर्यंत उघडा करून धरावा. हाताला आधी कोको बटर चोळलेले असावे. महिना फेब्रुवारी असावा, कारण गोष्ट बर्फातली आहे आणि जुलैमध्ये उन्हाने मार्वेलाचा हात गडदपणात बराच पुढे जातो. शिवाय फेब्रुवारीत सगळे आम्हाला बोलावतातच, छापखान्यानेही बोलवावे. छापखाना हल्ली समुद्रापलीकडे असतो असे केटलिन म्हणते. असेना. तिकीट प्रकाशकांनी काढावे, खिडकीजवळचे. हात आणि कागद जुळेपर्यंत यंत्र चालू नये. नाहीच जुळले तर मार्वेलाने बाही खाली करून घरी यावे आणि पुस्तक न छापलेले राहावे. पायजमे तर मुळीच निघू नयेत.

मार्वेलाला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मिस गस्टी, मी पोरांना दोरावर चढवते. छापखान्यातल्या साहेबांना मी काय सांगणार?”

“काही सांगू नकोस. बाही वर कर.”

कलम पाचवे, विद्यापीठ. नाव लिहीत नाही, वाचून त्यांचे त्यांना कळेल. तिथले एक प्राध्यापक मूळ चित्रे मागायला बरेचदा येऊन गेले, येताना दर वेळी तोच कोरडा केक घेऊन. त्यांनी माझ्यावर निबंध लिहिला आहे. त्यात म्हटले आहे की ‘मार्वीचा बूट’मधली फिकट नायिका ही चित्रकर्तीने जाणीवपूर्वक साधलेली धूसरता होय. वाचताना मी कॉफी सांडली. त्यांना मी माझ्याजवळची पहिल्या आवृत्तीची कोरी, डाग नसलेली प्रत देते. त्यांना निर्दोष प्रत हवी होती. ती चूक आहे, पण निर्दोष आहे. खडूने रंगवलेली प्रत मार्वेलाची आहे, ती माझी नव्हतीच, त्यामुळे मी ती कुणाला देऊ शकत नाही. एवढेच नोंदवते की त्या पुस्तकाची या जगात एकच बरोबर प्रत आहे, आणि ती टिब्जांच्या घरी शिवणाच्या मशीनवर पडलेली असते.

कलम सहावे, रंग आणि ब्रश. ते शनिवारच्या वर्गातल्या मुलांना वाटावेत. ब्रश पाण्यात डोक्यावर उभे करून ठेवणाऱ्या मुलाला दुसरा ब्रश देऊ नये. तपकिरी रंगाच्या बरण्या मात्र मार्वेलाकडे जाव्यात. त्यांचे काम पुढच्या कलमात आहे. काळ्या रंगाची बाटली जवळजवळ भरलेली आहे. ती क्लिफ्टनला द्यावी, त्याला उन्नीस-बीस चालते.

कलम सातवे आणि शेवटचे, माझा देह. निरोप न्यू केनन चर्चमध्येच व्हावा. पेटी उघडी असावी, अंगावर निळा पोशाख आणि डोक्यावर निळी टोपी, मागच्या ईस्टरची नव्हे, त्याआधीची. नंतरच्या जेवणाला ओपलने पीच कॉबलर हे फळांचे भाजलेले गोड आणू नये, तिचे तळाशी ओले राहते. काम पीझली अँड सन्स यांनाच द्यावे. थोरले पीझली गेले. आता त्यांचा मुलगा धंदा पाहतो. सत्तरी उलटली तरी सगळे त्याला ज्युनिअरच म्हणतात.

माझी आई वारली तेव्हा तिला पीझलींनीच तयार केले होते. लोक रांगेने पेटीपाशी येत होते आणि म्हणत होते, किती शांत दिसतेय, किती उजळ दिसतेय. माझी पाळी आली. मी पाहिले तर पंख्यावरची बाई. ज्या काळ्या चेहऱ्याकडे बघत मी लहानाची मोठी झाले तो चेहरा तिथे नव्हता. आई चर्चच्या दारात मला थांबवून रुमाल जिभेने ओला करायची आणि माझे तोंड पुसायची. मी तसाच रुमाल ओला केला आणि तिच्या कपाळावरची पावडर पुसायला लागले. लोकांना जागा दाखवणाऱ्या दारावरच्या बाया पांढरे हातमोजे सावरत धावत आल्या. ज्युनिअर माझ्या कानाशी लागला.

“गस्टी, लोक बघतायत.”

“बघू देत. मी पण आईलाच बघायला आलेय.”

अर्धे कपाळ झाले, तेवढ्यात मला धरून बाकावर नेऊन बसवले. आई मातीत गेली ती अर्ध्या कपाळाने माझी आणि बाकी सगळी पीझलींची. त्या गोष्टीला इतकी वर्षे झाली तरी मला राग येतो, आणि आता माझीच पाळी आहे म्हणून भीतीही वाटते. मरणाची नाही. मेल्यावर आपल्याच लोकांनी दुसऱ्याच बाईला निरोप देण्याची.

सबब, ज्युनिअर पीझलीने पेटी द्यावी, गाडी द्यावी, फुले द्यावीत, बिल तर तो देईलच. त्याची पिठाची डबी माझ्या चेहऱ्याजवळ येऊ नये. माझा चेहरा मार्वेलाने करावा. मी तिच्याहून पुष्कळ काळी आहे, त्यामुळे इथे तिचा हात चालणार नाही. म्हणून मी माझा चेहरा स्वतःच रंगवून ठेवला आहे, पीझलींच्याच पंख्यावर, त्यांच्या जाहिरातीच्या बाजूने. तो कामाच्या खोलीत खिडकीशी टांगला आहे. मार्वेलाने तो माझ्या गालाशेजारी धरावा. जुळला तर पेटी उघडावी. नाही जुळला तर झाकण बंद राहू द्यावे आणि लोकांनी पंख्याला नमस्कार करून जेवायला जावे.

हे कलम वाचून दाखवल्यावर मार्वेला माडीवर जाऊन पंखा पाहून आली.

“छापखान्याचं करीन मी,” ती शेवटी म्हणाली. “हे नाही जमायचं, मिस गस्टी. मला चित्रं येत नाहीत, तुम्हाला माहितीये. मी रेषेबाहेर जाते.”

जावे तिने रेषेबाहेर. माझी काही हरकत नाही, आणि त्या वेळी मला हरकत घेताही येणार नाही. सहा वर्षांची असताना लोकांनी पुसून टाकलेली एक पोर तिने एका खडूने पानोपान परत आणली होती. तेव्हा तिला कुणी सांगितले नव्हते. या वेळी मी लेखी सांगते आहे.

वरील मजकूर माझा आहे, मी तो वाचला आहे, आणि त्यातला एकही शब्द कुणाच्या भावना जपण्यासाठी उजळ केलेला नाही.

सही: ऑगस्टा मे रेन्फ्रो

आम्ही खाली सही करणार लिहून देतो की मिस रेन्फ्रो यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीवर होत्या.

साक्षीदार १: ओपल बार्क्सडेल, शेकर हाइट्स. (शुद्धीवर होती. स्वभावाची हमी मी देत नाही. कॉबलर मी आणणारच.)

साक्षीदार २: लेम्युएल कॉबिन्स, निवृत्त पोस्टमन, ग्लेनव्हिल.

टीप: साक्षीदार क्रमांक एक यांनी सवयीने आधी माझ्याच नावाची सही केली, मग ती खोडून स्वतःची केली. खाडाखोड माझ्यासमोर झाली व मला मान्य आहे. खोडलेली जास्त चांगली होती. ऑ. मे रे.

स्थळ: ग्लेनव्हिल, क्लीव्हलँड, माझ्या घराचा व्हरांडा.
तारीख: १ मार्च २०२४. फेब्रुवारीत आम्हा दोघींनाही वेळ नव्हता.